उलट्या वाटेचे गाव

केंब्रिज नावाची दोन गावे विद्येसाठी जगात प्रसिद्ध आहेत. एक इंग्लंडात, कॅम नदीच्या काठी. दुसरे अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स राज्यात, चार्ल्स नदीच्या काठी, बॉस्टनच्या अगदी समोर. धाकट्याने थोरल्याचे नाव 1638 साली उचलले आणि पुढे त्या नावाला शोभेल असा लौकिकही कमावला. गावाच्या वरच्या अंगाला 1636 सालचे हार्वर्ड विद्यापीठ. खालच्या अंगाला, नदीला पाठ टेकून, एम्. आय्. टी. हे तंत्रविद्यापीठ. दोहोंना जोडणारा मोठा रस्ता एकच, मॅसॅच्युसेट्स अॅव्हेन्यू. सगळे नाव उच्चारीपर्यंत थांबा मागे पडायचा, म्हणून की काय, तिथले लोक त्याला नुसते 'मॅस अॅव्ह' म्हणतात. अंतर तीन किलोमीटरांच्या आतले. एक नंबरची बस धरली तर चटकन् पोचवते. पण पायी गेले तर एका विद्येचा साठ-सत्तर वर्षांचा प्रवास वाटेत भेटतो. ती विद्या म्हणजे सेंद्रिय रसायनातले संश्लेषण: साध्या पदार्थांतून पायरीपायरीने एखादा अवघड रेणू उभा करण्याची कला.

मराठीच्या प्राध्यापिकेला ह्या भानगडी कशाला, असे वाचक विचारतील. माझी भाची तिथे रसायनशास्त्रात संशोधन करते आणि आठवड्यातून दोन दिवस त्याच परिसरातल्या एका लहानशा महाविद्यालयात शिकवते. गेल्या एप्रिलात मी तिच्याकडे तीन आठवडे होते. झाडांना नुकती कुठे पालवी फुटत होती, वारा मात्र अजून हाडांत शिरत होता. "मावशी, तू संग्रहालये पाहशील की माझा वर्ग?" असे तिने विचारले. शिक्षकाला दुसऱ्याचा वर्ग पाहायला मिळणे ही पर्वणीच. मी दोन्ही पाहिले.

मराठी माणसाला हार्वर्ड अगदीच परके नाही. धर्मानंद कोसंबी 1910 साली 'विसुद्धिमग्ग' ह्या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी इथे आले. त्यांचे चिरंजीव दामोदर कोसंबी इथेच शिकून 1929 साली पदवीधर झाले. विद्यापीठाच्या आवारातून बाहेर पडून ऑक्सफर्ड स्ट्रीटला लागले की निसर्गेतिहासाचे संग्रहालय लागते. तिथे काचेची फुले आहेत. ड्रेस्डेनजवळच्या ब्लाश्का पितापुत्रांनी 1887 ते 1936 ह्या काळात ही चार हजारांवर प्रतिरूपे घडवली. सगळे हुबेहूब: केसर, पराग, पानावरची लव, किडीने कुरतडलेली कडसुद्धा. नाक मात्र जवळ नेऊ नये. काचेला वास नसतो.

आणि ह्याच रस्त्यावर, हाकेच्या अंतरावर, वासच तयार करणाऱ्यांच्या विटांच्या इमारती आहेत. फुलाचे रूप घडवणारे कारागीर एका घरात, फुलाचा गंध, झाडाचे औषध, सालीचा कडूपणा घडवणारे दुसऱ्या घरात, अशी ही शेजारशेजारची आळी आहे. 1944 साली इथल्या सत्तावीस वर्षांच्या रॉबर्ट वुडवर्डने विल्यम डोअरिंगच्या साथीने क्विनीनच्या उंबरठ्यापर्यंतची वाट प्रयोगशाळेत चालून दाखवली. युद्ध चालू होते, जावातली सिंकोनाची झाडे जपानच्या ताब्यात गेली होती, हिवतापाचे औषध मिळेनासे झाले होते; त्यामुळे ह्या बातमीने मोठी खळबळ उडाली. योगायोग असा, की त्याच वर्षी ह्याच विद्यापीठात पन्नास फूट लांबीचे 'मार्क-1' हे गणकयंत्र सुरू झाले. एका अंगणात दोन पाळणे हलले. पण ह्या दोन बाळांची एकमेकांशी ओळख व्हायला आणखी वीस-पंचवीस वर्षे जायची होती.

संश्लेषण अवघड का, ते आधी सांगितले पाहिजे. समजा, एखादा रेणू बांधायला वीस पायऱ्या लागतात आणि प्रत्येक पायरीवर शंभरातले ऐंशी हाती येतात. ऐंशी टक्के म्हणजे परीक्षेतला मोठाच विजय! पण वीस वेळा ऐंशी टक्के घेत गेले की शंभर ग्रॅमांचा शेवटी जेमतेम एक ग्रॅम उरतो. म्हणून वाट किती पायऱ्यांची निवडली ह्यावर सारे अवलंबून. जर्मनीच्या विलश्टेटरने विसाव्या शतकाच्या आरंभी ट्रोपिनोन नावाचा पदार्थ पुष्कळ पायऱ्या चढून केला. शेवटी हाती आले ते एक टक्क्याच्याही आत. 1917 साली इंग्लंडच्या रॉबर्ट रॉबिन्सनने तोच रेणू कागदावर काढला आणि तो मनातल्या मनात कुठे कापता येईल ते पाहिले. दोन जागी कापल्यावर तीन साधे तुकडे पडले. ते तीन तुकडे एकाच भांड्यात एकत्र आणले आणि ट्रोपिनोन तयार! शिखराकडे खालून पाहणाऱ्याला जी वाट वीस वळणांची दिसते, ती शिखरावर उभे राहून खाली पाहणाऱ्याला कधी कधी सरळ दिसते.

पण रॉबिन्सनने पाहिले ते एका रेणूपुरते. वुडवर्डने स्ट्रिक्नीन केले, क्लोरोफिल केले. 1965 साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. त्या रचना पाहून लोक थक्क होत, जसे मैफिलीत थक्क व्हावे. मात्र मैफल ऐकून गाणे येत नाही. प्रत्येक रेणूची युक्ती त्या रेणूपुरती. शिष्याने त्यातून नेमके काय उचलावे, हा प्रश्न उरे.

ह्या प्रश्नाला हात घातला तो इलायस कोरी ह्यांनी. हा माणूस खरा ह्याच परिसरातला. लेबनॉनमधून आलेल्या कुटुंबातला, बॉस्टनच्या उत्तरेला मेथ्युएन ह्या गावचा. सोळाव्या वर्षी एम्. आय्. टी.त विद्यार्थी आणि 1959 पासून हार्वर्डमध्ये प्राध्यापक. म्हणजे मॅस अॅव्हची दोन्ही टोके त्यांच्या एका आयुष्यात येतात. 1957च्या सुमारास त्यांनी असा विचार मांडायला घेतला, की रेणू करायचा असेल तर आरंभ शेवटापासून करावा. हवा असलेला रेणू समोर ठेवावा. कोणता बंध तोडला असता तो जरा सोप्या तुकड्यांत फुटतो ते पाहावे. मग त्या तुकड्यांना तोच प्रश्न विचारावा. असे करीत करीत दुकानात बाटलीत मिळणाऱ्या पदार्थांपर्यंत उतरावे. उतरण कागदावर, चढण प्रयोगशाळेत. पाठ्यपुस्तकांत ह्या उलट्या चालीसाठी दुहेरी रेघेचा वेगळा बाण काढतात.

ह्या विचाराचा पहिला मोठा नमुना म्हणजे लाँगिफोलिन. 15 कार्बन, 24 हायड्रोजन, आणि वळ्यांची अशी गुंतवळ की पाहूनच डोके फिरावे. कोरींनी ते 1961 साली करून दाखवले. हा पदार्थ मुळचा आपल्या हिमालयातल्या चीड वृक्षाच्या टर्पेंटाइन तेलातला. पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आलेल्या डॉ. सुखदेव ह्यांनी ह्याच लाँगिफोलिनच्या रसायनावर वर्षानुवर्षे काम केले. तेव्हा ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या ह्या कथेचा एक धागा पाषाण रस्त्यापर्यंत येऊन पोचतो.

भाची हे सारे मला समजावीत होती आणि मी मनात हसत होते. शेवटी म्हटले, "अगं, ह्याला आम्ही विग्रह म्हणतो." 'त्रिभुवननाथ' हा शब्द घ्या. आधी कुठे तोडाल? त्रिभुवनाचा नाथ. मग त्रिभुवनाला तोडा: तीन भुवनांचा समूह. पहिला घाव 'त्रि' आणि 'भुवननाथ' ह्यांच्यामध्ये घातला तर तुकडे पडतील, पण अर्थ लागणार नाही. 'पीतांबर' घ्या. पिवळे वस्त्र म्हटले तर कर्मधारय. पिवळे आहे वस्त्र ज्याचे तो, असे म्हटले तर बहुव्रीही आणि साक्षात विष्णू. शब्द एक, विग्रह दोन. भाची क्षणभर थांबली आणि म्हणाली, "आमच्याकडे दोन नाहीत ग, दोनशे असतात!"

ती अतिशयोक्ती नव्हती. एका रेणूला तोडायच्या दहाच जागा धरल्या आणि त्यांतल्या प्रत्येक तुकड्याला पुन्हा दहा, तर पाचव्या पायरीवर एक लाख वाटा होतात. एवढ्या वाटा हिशेबात कोण ठेवणार? कोरींनी मदतीला यंत्र घेतले. टॉड विपके ह्या तरुण सहकाऱ्याबरोबर त्यांनी लिहिलेला लेख 1969 साली 'सायन्स' नियतकालिकात आला. यंत्र होते पीडीपी-1. ते बनवणारी कंपनी जवळच्याच मेनर्ड गावी एका जुन्या लोकरीच्या गिरणीत थाटलेली होती. रसायनज्ञाने पाटीसारख्या फलकावर लेखणीने रेणूचे चित्र काढायचे. यंत्राने पडद्यावर त्याचे संभाव्य पूर्वज दाखवायचे. मग माणसाने 'हा ठेव, तो काढ' असे सांगायचे. पुढच्या सुधारलेल्या प्रोग्रॅमचे नाव 'ल्हासा'. तिबेटशी त्याचा काही संबंध नाही; तर्क आणि ठोकताळे संश्लेषणाच्या विग्रहाला लावणे, अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरे. ह्या ल्हासाने पुढे 1983 साली इंग्लंडात लीड्स येथेही बिऱ्हाड केले.

शिक्षक म्हणून मला ह्या हकिगतीतली खरी गोम वेगळीच वाटली. 1969 सालचे यंत्र म्हणजे वर्गातला सर्वांत मठ्ठ विद्यार्थी. त्याला 'साधारण असे करतात' हे कळत नाही, 'अनुभवाने समजेल' हे चालत नाही. कोणता बंध आधी तोडावा, का तोडावा, केव्हा तोडू नये, हे सगळे त्याला शब्द न् शब्द सांगावे लागते. उस्तादाच्या बोटांत जे होते ते अशा रीतीने प्रथमच नियमांत आले. आणि मठ्ठातल्या मठ्ठाला सांगता येते ते वर्गातल्या सामान्य मुलालाही सांगता येते. दुसऱ्या केंब्रिजातल्या, म्हणजे इंग्लंडातल्या, स्टुअर्ट वॉरन ह्यांनी 1982 साली ह्याच विग्रहपद्धतीचे पाठ्यपुस्तक लिहिले आणि ते अनेक देशांतल्या मुलांच्या हाती गेले. कोरींना 1990 साली नोबेल मिळाले ते संश्लेषणाचा सिद्धान्त आणि पद्धती घडवल्याबद्दल. यंत्राला शिकवता शिकवता शिकवण्याची विद्या तयार झाली, हा त्या यंत्राचा सर्वांत मोठा उपकार.

आता रस्ता उतरू. हार्वर्ड चौकातली पुस्तकांची दुकाने मागे पडतात, सेंट्रल स्क्वेअरमधला खाण्यापिण्याचा गजबजाट लागतो. त्यात आपल्याकडच्या मसाल्यांचा वास येतो आणि पोटात उगीच कालवाकालव होते. पुढे उजव्या हाताला एक भलीमोठी जुनी इमारत आहे. 1927 साली बांधलेला तो मिठाईचा कारखाना. साखरेच्या रंगीत चकत्यांसाठी प्रसिद्ध. एकविसाव्या शतकाच्या आरंभी तो कारखाना गेला आणि तिथे एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळा आल्या. गोळ्या गेल्या आणि गोळ्याच आल्या, फक्त चव बदलली! इथून केंडल स्क्वेअरपर्यंत अशा कंपन्यांची दाटी आहे. तिथे नोकरी मागायला जाणाऱ्या मुलाला रेणूचा विग्रह आला पाहिजे.

मग लागते एम्. आय्. टी. आणि तिथे भेटते नव्या तऱ्हेचे यंत्र. ते मठ्ठ नाही. त्याला कोणी नियम सांगत बसत नाही. पेटंटांत आणि नियतकालिकांत छापल्या गेलेल्या लक्षावधी अभिक्रिया त्याच्यापुढे ओतल्या जातात आणि त्यांतून ते आपली रीत आपणच काढते. इथे तयार झालेला 'आस्कॉस' हा प्रोग्रॅम कोणालाही वापरता येतो. 2019 साली इथल्या संशोधकांनी यंत्राने सुचवलेल्या वाटांवरून यांत्रिक हातांकडून अॅस्पिरिनसह 15 औषधी रेणू करवून घेतले. पाककृतीतले तपशील मात्र माणसाला भरावे लागले. त्याआधी 2018 साली जर्मनीतल्या म्युन्स्टरच्या संशोधकांनी अशाच यंत्राच्या वाटा आणि छापील वाटा, कोणती कोणाची ते न सांगता, 45 रसायनज्ञांपुढे ठेवल्या. त्यांना यंत्राच्या वाटा कमी प्रतीच्या वाटल्या नाहीत. नियम हातांनी भरण्याची जुनी रीतही संपलेली नाही. पोलंडचे बार्टोश ग्झिबोव्स्की ह्यांनी पन्नास हजारांवर नियम यंत्रात घातले. 2020 साली त्यांच्या यंत्राने निसर्गातल्या गुंतागुंतीच्या पदार्थांच्या ज्या वाटा काढल्या, त्या माणसाच्या की यंत्राच्या हे जाणकारांना ओळखता आले नाही.

म्हणजे कोडे सुटले? तसे समजत मी वर्गात जाऊन बसले.

वीसेक मुले होती. भाचीने फळ्यावर एक रेणू काढला: लिडोकेन. दंतवैद्य दात उपटण्यापूर्वी हिरडीत सुई टोचतात, त्या सुईतले औषध. स्वीडनमध्ये 1943 साली निल्स लॉफग्रेनने ते प्रथम केले. "वीस मिनिटे फक्त कागद आणि पेन्सिल," तिने बजावले. लॅपटॉप मिटले. मुले डोकी खाजवू लागली. जगातल्या सगळ्या वर्गांत डोके खाजवण्याची पद्धत एकच आहे.

बहुतेकांना दोन तोडी सापडल्या आणि तीन तुकडे पडले. एका टोकाला झायलिडीन, दुसऱ्या टोकाला डायएथिल अमीन, मध्ये दोन कार्बनांचा दुवा. ह्या दुव्याला, म्हणजे क्लोरोअॅसिटिल क्लोराइडला, दोन हात असतात. दोन्हींत क्लोरीन धरलेला. पण एक हात भलताच उतावळा, दुसरा आळशी. मागच्या बाकावरच्या एका उंच मुलाने आधी डायएथिल अमीन जोडले होते. भाची त्याला म्हणाली, "घाल बरे भांड्यात. कोणता हात ते पकडेल?" तो फळ्याकडे पाहत राहिला. उतावळा हातच पकडणार! म्हणजे डायएथिल अमीन नको त्या टोकाला चिकटणार आणि झायलिडीनची जागा गेली. तुकडे बरोबर, क्रम चुकला की पदार्थ दुसराच. आधी झायलिडीन, उतावळ्या हाताला. मग डायएथिल अमीन, आळशी हाताला. मुलाचा चेहरा उजळला. तो उजेड शिक्षकाला ओळखता येतो. पगारात न मोजला जाणारा आमचा भत्ता तोच.

मग लॅपटॉप उघडले. यंत्राने मिनिटभरात तीच वाट काढून पहिल्या क्रमांकावर ठेवली, खाली आणखी डझनभर. तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका मुलीने सर्वांच्या मनातला प्रश्न विचारला: "हे जर एका मिनिटात मिळते, तर आम्ही वीस मिनिटे का घालवली?"

वर्ग शांत झाला. मीही सरसावून बसले. आमच्या मराठीच्या वर्गात विग्रहांसकट तयार उत्तरांची गाईडे असतात. विद्यार्थी 'पीतांबर - बहुव्रीही' असे घडाघडा म्हणतात. 'कर्मधारय का नाही?' असे विचारले की खिडकीबाहेर पाहतात. हा प्रश्न माझाही होता.

भाचीने व्याख्यान दिले नाही. यंत्राच्या यादीतली पहिली वाट सोडून खालच्या पाच तिने पडद्यावर ठेवल्या आणि म्हणाली, "ह्यांतली एक नाकारा. का नाकारली ते तीन ओळींत लिहा. यंत्राला विचारायला हरकत नाही." मुलांनी विचारले. यंत्राने प्रत्येक वाटेपुढे विश्वासाचा आकडा दिला, तशाच जुन्या अभिक्रियांचे दाखलेही दिले. पण 'म्हणून' हा शब्द त्याच्याजवळ नव्हता. ती उतावळ्या आणि आळशी हातांची गोष्ट त्याने कुठेच सांगितली नाही. ज्यांनी वीस मिनिटे पेन्सिल चावली होती त्यांना तीन ओळी सुचल्या. उंच मुलाने तर पाच लिहिल्या; त्याने खड्डा स्वतः पाहिला होता.

घरी येताना तिने आणखी एक गोष्ट सांगितली. नियतकालिकांत छापल्या जातात त्या बहुतेक जमलेल्या अभिक्रिया; फसलेल्या कोण छापतो? त्यामुळे यंत्राने यशाचा ग्रंथ पाठ केला आहे, अपयशाचा त्याला क्वचितच मिळाला आहे. तो असतो प्रयोगशाळेतल्या डागाळलेल्या वह्यांत आणि माणसांच्या आठवणीत. क्लोरोअॅसिटिल क्लोराइडची बाटली उघडली की डोळ्यांतून घळाघळा पाणी येते, हेही यंत्र वाचून सांगेल. रडणार मात्र आपणच.

यंत्रावर राग धरावा, असे मला मुळीच वाटत नाही. लाख वाटांतून दहा निवडून देणारा सोबती कोणाला नको? औषध दोन वर्षे आधी तयार झाले तर ते कोणाच्या तरी आईला मिळणार आहे. प्रश्न शिकणाऱ्याचा आहे. पहिल्या यंत्राला कारणे सांगावी लागत, म्हणून माणसांना कारणे सापडली. आताचे यंत्र जुन्या उस्तादासारखे थक्क करते आणि गप्प बसते. तेव्हा कारण विचारायचे आणि सांगायचे काम फिरून वर्गाकडे आले आहे. शिक्षकाची गरज संपेल असे म्हणणाऱ्यांनी तो वर्ग पाहावा. तिथे उत्तर देण्याचे काम यंत्राने घेतले होते आणि नकार देण्याचे काम मुलांना शिकवले जात होते. योग्य कारणासाठी नकार देता येणे ही विद्येची जुनी खूण आहे. रसायनात आणि व्याकरणातही.

मॅस अॅव्ह संपत नाही, ती नदीवरच्या पुलावर चढून बॉस्टनला जाते. पूल एम्. आय्. टी.च्या दाराशी, नाव मात्र हार्वर्डचे! त्याच्या पदपथावर रंगाने खुणा काढल्या आहेत. 1958 साली एम्. आय्. टी.च्या काही पोरांनी ऑलिव्हर स्मूट नावाच्या आपल्या दोस्ताला पुलावर आडवा निजवून, उचलून, पुन्हा निजवून सारा पूल मोजला: 364.4 स्मूट आणि वर एक कान. शाळेतल्या फूटपट्टीने हे काम सोपे झाले असते. पण पुलाची लांबी फुटांत किती हे कोणाला पाठ नाही, आणि हे माप मात्र गावातल्या पोराटोरांना ठाऊक आहे. पुढे हाच स्मूट अमेरिकेच्या आणि नंतर साऱ्या जगाच्या मानके ठरवणाऱ्या संस्थेचा प्रमुख झाला. खुणा पुसट झाल्या की नव्या वर्षाची मुले त्या पुन्हा रंगवतात.